लाकडाच्या झिपऱ्या

मावशी कुठल्याही लाकडाला आधी ओठ लावायची. खालचा ओठ किंचित पुढे काढून, गरम चहाचा अंदाज घ्यावा तसा कोरीव कामावरून अलगद फिरवायची. कारखान्यात लागले त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं. दाराची एक फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली, तिच्यावर साठी उलटलेली एक बाई ओणवी झालेली आणि लाकडी मोराच्या पिसाऱ्यावरून तोंड फिरवत चाललेली. मला वाटलं, काहीतरी नवस वगैरे बोलते आहे, म्हणून मी आदरानं दारातच थांबले. तिनं मान वर केली.

"कोण? नवी कॉम्प्युटरवाली बाय का?"

"हो."

"ये. तुमच्या मोराला झिपऱ्या हायेत."

मोर मी कोरलेला नव्हता, पण त्या दिवसापासून कारखान्यातल्या प्रत्येक मोराची, वेलीची आणि देवीची जबाबदारी तिनं माझ्यावर टाकली.

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. देवघरं, कोरीव दारं, झोपाळ्याचे पाट असलं काम. पूर्वी तिथे सगळं हातानं कोरत. नंतर शेठनी मोठं सीएनसी मशीन घेतलं आणि मग मला ठेवलं. मी डहाणूची, डिप्लोमा केलेली. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, मशीनला द्यायची आणि मशीन कोरत असताना समोर उभं राहायचं. चार माणसांचं महिन्याचं काम ते दोन दिवसांत करायचं. पण त्याची एक खोड होती. कोरताना लाकडाचे बारीक तंतू ते पूर्ण कापायचं नाही. ते अर्धवट तुटून कडेला, खोबणीत, पानाच्या शिरांमध्ये उभे राहायचे. दाढी न केलेल्या चेहऱ्यासारखी दिसायची सगळी नक्षी. वर पॉलिश मारलं की ते आणखी ताठ व्हायचे. उत्तरेकडून आलेले कारागीर त्याला 'रुआँ' म्हणायचे, शेठ गुजरातीत 'रूंवाटी' म्हणायचे, मी 'फायबर' म्हणायचे. मावशी 'झिपऱ्या' म्हणायची. वर्षभरात आम्ही सगळेच झिपऱ्या म्हणायला लागलो, शेठसुद्धा.

त्या झिपऱ्या काढणं हे मावशीचं काम. कारखान्याच्या मागच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीखाली तिचा कोपरा होता. तिथे आम्ही विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसू. भिंतीला टेकवून बांबूच्या कामट्या ठेवलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला वेगळ्या जाडीचा पॉलिश पेपर गुंडाळलेला. नारळाच्या सोडणाच्या कुंच्या. काचेचे तुकडे, एका फडक्यात बांधलेले. आणि टूथब्रश. तिनं सगळ्या कारखान्याला सांगून ठेवलं होतं की घरचे जुने टूथब्रश फेकायचे नाहीत, तिला आणून द्यायचे. शेठच्या बंगल्यावरूनसुद्धा दर दोन-तीन महिन्यांनी एक पुडी यायची. ती ते चुलीवर उकळून घ्यायची आणि कोणाचा कुठला ते लक्षात ठेवायची. "शेठच्या ब्रशात दम नाय," ती म्हणायची, "त्यांचे दात नरम आसतील."

पण तिचं खरं हत्यार म्हणजे खरवतीची पानं. सायवनच्या बाजूला, तिच्या माहेरच्या डोंगरात ते झाड आहे. पान हातात घेतलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं. दर पंधरा दिवसांनी ती सायवनला जायची आणि पिशवीभर पानं आणायची. पॉलिश पेपर सपाट जागेला ठीक, पण मोराच्या डोळ्यात, फुलाच्या देठाशी तो घडी पडून मोडतो आणि नक्षीची धार घालवतो. पान वळतं, खोबणीत बसतं, झिपरी तेवढी उचलतं.

तिची पद्धत ठरलेली होती. कोरलेली फळी आली की आधी ओल्या फडक्यानं पुसायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. लाकडाला पाणी?

"पाज गं त्याला," ती म्हणाली. "खाली दबून बसलेल्या झिपऱ्या पाण्यानं उठतात. आत्ता नाय उठवल्या तं पॉलिशवाल्याच्या हाताखाली उठतील, मंग काय करशील?"

पुसून झालं की सावलीत वाळवायचं. मग पातळ चपड्याचा, लाखेच्या रोगणाचा एक हात, म्हणजे उभ्या झिपऱ्या कडक होतात. मग पान, रेषेच्या दिशेनं, कधीच आडवं नाही. शेवटी ओठ. आणि ओठाच्याही नंतर सावरीचा कापूस. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की ती तो म्हातारीच्या केसांसारखा हलका कापूस एका डब्यात भरून ठेवायची. त्याचा एक पुंजका नक्षीवरून फुंकल्यासारखा फिरवायची. कुठे एक तंतू अडकला की त्या जागी अजून झिपरी आहे. अडकला नाही, तर ती म्हणायची, "झाली." तो एकच शब्द. तो आल्याशिवाय फळी पुढे जायची नाही.

एकदा शेठनी न विचारता पुढे नेली. वापीच्या गिऱ्हाइकाचं देवघर होतं, टेम्पो दारात उभा, घाई. मावशी जेवायला बसली होती. शेठनी स्वतः दारावरून हात फिरवला आणि माणसांना म्हणाले, चढवा. ती हात धुऊन आली, कोपरा रिकामा बघितला आणि तशीच चालत जाऊन टेम्पोच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसली.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती तंबाखूची चिमूट काढून मळत बसली.

"मावशी, टेम्पो ऊभो छे, ऊठ ना!" शेठ म्हणाले.

"देवघराच्या उजव्या खांबाला झिपऱ्या हायेत."

"अरे, गिऱ्हाइकाला दिसणार पण नाय!"

"दिसायचं काय घेऊन बसलात? त्याची बायको रोज पुसणार. फडकं अडकंल. मंग हात घालंल. मंग बोटात कुसळ जाईल. देवापुढं बसून बाई शिव्या देणार. कोणाला? तुम्हाला नाय, त्या देवाला."

तासभर गेला. शेवटी देवघर उतरवलं. ती उजव्या खांबावर अर्धा तास बसली, कापूस फिरवला, "झाली" म्हणाली आणि मग ड्रायव्हरला स्वतःच्या हातानं चहा नेऊन दिला. शेठ नंतर ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, मोठ्या कौतुकानं, जणू ती युक्ती त्यांचीच होती.

कुसळ हा तिचा जन्माचा शत्रू होता. तिचा बाप सायवनला औतं, मुसळं, कुऱ्हाडीचे दांडे आणि पाळणे करायचा. पाळणा झाला की तो या पोरीला सांगायचा, हातानं बघू नको, आपले हात राकट, ओठानं बघ. बाळाच्या गालाला जे लागेल ते ओठालाच कळतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती लाकडाला ओठ लावत होती. लग्न झालं, शेती केली, नवरा गेला, पोरगी झरीला दिली, आणि मग पोरीकडे राहायला आली तेव्हा हे काम मिळालं. आमच्याकडे येईपर्यंत लाकूड घासण्याचं काम असतं आणि त्यासाठी कोणी माणूस ठेवतं, हे तिला माहीतच नव्हतं. ती ते सगळीकडेच करत आली होती. लग्नाच्या मांडवात खुर्चीचा हात खरबरीत लागला की जेवण बाजूला ठेवून घासायला लागायची. एकदा मी तिच्याबरोबर कसल्याशा दाखल्यासाठी एका कचेरीत गेले होते. आमचा नंबर आला, साहेबांनी नाव विचारलं, तर ही टेबलाच्या कडेवर वाकलेली. पिशवीतून पान काढून सुरूसुद्धा केलं.

"आजी, काय करताय?"

"साहेब, इथं कुसळ हाय. रोज कोणाचा तरी पदर फाटत आसंल."

साहेबांनी स्वतःच्या शर्टाची बाही वर करून बघितली. तिथे एक धागा निघालेला होता. त्यांनी फाइल थोडी सरकवली, म्हणजे तिला ती कड पूर्ण करता येईल.

ती सोपी बाई होती असं मात्र नाही. कोणाला शिकवायची नाही. दोन बायका तिच्या हाताखाली ठेवून पाहिल्या, दोघी आठवडाभरात रडत गेल्या. शिव्या अशा द्यायची की उत्तरेकडच्या कारागिरांनाही अर्थ न कळता लाज वाटायची. मला तर तिनं पहिल्या महिन्यात रोज रडवलं. एक दिवस मला बोलावून एक फळी दाखवली. फुलाच्या एका बाजूवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"इकडं कमी, तिकडं जास्ती. का?"

"लाकूडच तसं असेल."

"लाकूड तेच हाय. तुझं मशीन इकडनं तिकडं गेलं. ते उलटं चालव."

मला राग आला. मी डिप्लोमा केलेला. पण जेवणाच्या सुट्टीत एका टाकाऊ तुकड्यावर मी कटरचा फिरण्याचा मार्ग उलटा करून पाहिला. झिपऱ्या निम्म्यावर आल्या. मी तो तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिनं ओठ लावला.

"मंग? आता दात बघ. त्याचा दात बोथट झालाय."

दात म्हणजे कटर. तोही खरोखर बोथट झाला होता. तिला मशीनबद्दल अजिबात आकस नव्हता, उलट कौतुक होतं. "बिचारं गप काम करतं," म्हणायची. "दात तेवढा बदलत जा वेळेवर." त्या दिवसापासून मी रडायची थांबले आणि दर दिवशी एक प्रश्न घेऊन तिच्या कोपऱ्यात जायला लागले.

आता मी माझ्या चुकीकडे येते.

उधव्यापलीकडच्या एका गावानं देवीच्या नव्या देवळासाठी दाराची जोडी सांगितली होती. सागवान गावानंच जमवलेलं. दोन्ही पाखांवर, म्हणजे दाराच्या दोन फळ्यांवर, हातात दिवा घेतलेली एकेक बाई, समोरासमोर, वर भाताच्या लोंब्यांची कमान. घटस्थापनेच्या आधी दार बसायचं होतं. भाद्रपदातली दमट हवा, लाकूड फुगलेलं, आणि मशीनचा दात बोथट. मला ते कळत होतं. नवा कटर यायला दोन दिवस लागणार होते आणि मी म्हटलं, जाऊ दे, चालवू. डाव्या पाखावरच्या बाईचा चेहरा झिपऱ्यांनी भरून गेला. अगदी केसाळ. मावशी त्या दोन दिवसांत सायवनला गेली होती. ती आली की पहिल्या ओठातच तिला माझा आळस कळणार होता.

मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. गॅसचा छोटा टॉर्च नक्षीवरून झर्रकन फिरवायचा, झिपऱ्या जळून जातात, खालच्या लाकडाला काही होत नाही. कारखान्यात टॉर्च होता. मी फिरवला. कपाळावरच्या झिपऱ्या खरंच गेल्या, हनुवटीवरच्याही गेल्या. मला इतका आनंद झाला की गालाशी हात क्षणभर थांबला. तेवढंच. बाईच्या डाव्या गालावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला.

मी तो पाख मावशीच्या कोपऱ्यात ठेवला, वर तिचीच जुनी साडी टाकली आणि घरी गेले.

दोन दिवसांनी ती आली. मी मशीनशी उभी राहून तिच्याकडे चोरून बघत होते. तिनं साडी काढली. ओलं फडकं फिरवलं. मध्येच थांबली, मान वाकडी करून थोडा वेळ तशीच राहिली, मग पुन्हा सुरू झाली. पण ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी दुपारी कापूस फिरवला आणि म्हणाली, "झाली."

मी पाख उचलायला गेले. डाग तिथेच होता, खिडकीच्या उजेडात, स्पष्ट. चेहरा इतका गुळगुळीत झाला होता की डाग आणखी उठून दिसत होता. जी बाई केसाएवढी झिपरी सोडत नाही, तिनं रुपयाएवढा डाग सोडला होता.

तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ती नेहमी "कोण?" असं विचारायची. चहाचा कप कधी स्वतः उचलायची नाही, आम्ही तिच्या हातात द्यायचा. मी ते तिचं राणीपण समजत होते. जीपमध्ये चढताना खांद्याला धरायची, ते म्हातारपण समजत होते. मावशीला दिसत नव्हतं.

मी पाख पुन्हा साडीखाली ठेवला. सोमवारी पॉलिशवाला साडी काढणार होता. त्याला डाग दिसणार, शेठना दिसणार, आणि फळी शेवटी जिच्या हातातून गेली ती मावशी. मी गप्प बसले तर सगळं तिच्यावर जाणार होतं. मी बोलले तर शेठ पहिला प्रश्न विचारणार होते, की मावशीला कसा दिसला नाही?

संध्याकाळी मी तिच्यामागून जीपच्या थांब्यावर गेले. झरीकडे जाणारी जीप भरायची होती. ती दगडावर बसली होती.

"मावशी, डाव्या पाखाच्या गालावर डाग आहे. मी टॉर्चनं जाळला."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "गालावर व्हय? मी कपाळावर शोधत होते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास आला ना. फडकं फिरवलं तवाच जळका वास आला. पण कुठं जळलं ते दिसंना. बोटाला रंग कळत नाय." तिनं तंबाखू मळायला घेतली आणि मळता मळता थांबली. "तुला इचारलं आसतं तं डोळ्यांचं कळलं आसतं."

"आणि मी सांगितलं असतं तर माझं कळलं असतं."

"मंग दोघी बसलो गप." तिला हसू आलं. मला रडू आलं. "ए, रडू नको. उद्या रविवार हाय, चावी आण."

रविवारी सकाळी आम्ही दोघीच कारखान्यात होतो. पाख खिडकीखाली घेतला. मी तिचं बोट धरून डागावर ठेवलं, कडेनं फिरवलं. तिनं फडक्यातून काचेचा एक वाकडा तुकडा निवडला आणि गाल खरवडायला घेतला. कागदापेक्षा पातळ भुगा पडत होता.

"गेला?"

"अजून आहे. फिका झालाय."

"फिका म्हंजे किती? गुळाएवढा का चहाएवढा?"

"गुळाएवढा."

ती खरवडत राहिली. "आता?"

"चहाएवढा. दूध जास्त घातलेल्या."

"कोणाच्या घरच्या? शेठच्या का आपल्या?"

"शेठच्या."

अकरा वाजता मी म्हटलं, गेला. तिनं गालावरून ओठ फिरवला आणि गंभीर झाली. "गाल उतरला गं. आता उजवीकडची बाई भरलेली आणि डावीकडची उपाशी. दोघी एका देवळात, एक जेवलेली, एक नाय. बरं दिसंल का?"

उजवा पाख काढला. त्या बाईचा गाल डाव्या बाजूएवढा उतरवायचा होता. ती दोन्ही हात दोन्ही चेहऱ्यांवर ठेवायची, डोळे मिटून, मग काच चालवायची. मी बाजूनं बघून सांगत होते, नाकाजवळ थोडं जास्त आहे, हनुवटीला पुरे. मध्ये तिनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली, ती आम्ही तिथेच भुश्यात बसून खाल्ली. मग पुन्हा पाणी पाजलं. नव्यानं झिपऱ्या उठल्या, त्या वाळवल्या, चपडा लावला, पान फिरवलं. या वेळी तिनं अर्धं पान तोडून माझ्या हातात दिलं. कोणाला कधी दिलं नव्हतं. उजव्या बाईचा गाल मी घासला. उन्हं उतरली तेव्हा तिनं कापूस फिरवला, दोन्हीवर.

"सोमवारी सांगायचं," ती म्हणाली. "आधी मी."

सोमवारी शेठ खुर्चीत बसायच्या आत ती समोर जाऊन उभी राहिली. "शेठ, मला दिसत नाय."

शेठना वाटलं, चष्मा हरवला. "क्यारथी? कधीपासून?"

"तुमच्या पोरीच्या लग्नाच्या आधीपासून. आधी धुकं होतं. आता माणूस हाय का खांब हाय तेवढंच कळतं."

शेठ खाली बसले. पोरीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. "मग ही सगळी दारं? वापीचं देवघर? तू टेम्पोसमोर बसली होतीस ते?"

"समदं असंच."

मी मग माझं सांगितलं. दोन्ही पाख दाखवले. शेठनी आधी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून, इकडेतिकडे पाहत, स्वतःचा ओठ लावला. मला ओरडा पडला, जोरात, सगळ्यांसमोर. महिनाभर मशीनला हात लावायचा नाही, मावशीच्या कोपऱ्यात बसून घासायचं. तिला ते एवढंच म्हणाले, "काम बंद. आधी डोळा."

ती 'काम बंद' एवढंच ऐकून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दार गावाला गेलं, घट बसले, दसरा झाला. मी झरीला तिच्या लेकीच्या घरी गेले. ती उंबऱ्यावर बसून उंबराच घासत होती.

"शेठनी काढलं नाही तुम्हाला. ऑपरेशन करा म्हणाले. तेच नेणार आहेत, बलसाडला."

"डोळा चिरतात."

"मोतीबिंदू आहे. छोटंसं चिरतात."

"मी जन्मभर चिरलेलंच घासत आले. दात बोथट असला तं काय होतं ते मला ठाऊक हाय."

बोथट दातानं काय होतं ते माझ्यामुळेच सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "मी डॉक्टरांना विचारीन, सुरी नवी आहे का."

"मीच इचारीन."

आणि तिनं खरंच विचारलं. टेबलावर झोपायच्या आधी, माझ्या आणि शेठच्या बायकोच्या देखत. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सीलबंद पाकीट तिच्या हातात दिलं, तिनं कडेनं बोट फिरवून ते न फोडलेलं असल्याची खात्री केली आणि मग झोपली.

पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं मिनिटभर. "तू एवढी काळजीत असतेस व्हय? आवाजावरनं वाटत नाय." मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. "म्हातारी झाले की मी. कोणी सांगितलं नाय."

दुसरा डोळा तिनं केला नाही. एक पुरे म्हणाली. कामावर परत आली, वर्षभर राहिली. या वेळी मला शिकवलं, शिव्यांसकट. मग गुडघे दुखायला लागले तशी सायवनला गेली आणि तिथेच आहे. आता कोपऱ्यात मी बसते आणि मशीनशी दुसरी मुलगी उभी असते.

पण दिवाळीनंतरची एक गोष्ट सांगायची राहिली. तिला ते दार बघायचं होतं, बसवलेलं. आम्ही दोघी एका सकाळी उधव्यापर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं गेलो. तिनं काळा चष्मा लावला होता आणि त्यात ती नाटकातल्या पोलिसासारखी दिसत होती. टेकडीवरचं लहानसं देऊळ, पत्र्याचं, पण दार भारी. पॉलिशनं दोन्ही बायका उजळल्या होत्या. गावातल्या बायका आत शिरताना दाराला हात लावत होत्या, लोंब्यांना, दिव्यांना, आणि तोच हात कपाळाला नेत होत्या. मावशी बाजूला उभी राहून प्रत्येक हाताकडे बघत होती.

देवळाची देखभाल करणारे एक आजोबा झाडू मारत होते. आम्ही परगावच्या दिसतो म्हणून ते पुढे आले.

"बघा, बघा. आमचं दार बघा. सगळं गाव जमून केलंय."

"चांगलं हाय," मावशी म्हणाली. "कुठनं आणलं?"

"मुंबईवरनं," आजोबा ठामपणे म्हणाले. "मोठ्या कंपनीचं. हात लावून बघा, लोण्यासारखं हाय. इकडच्या माणसाच्या हातनं असं होतच नाय."

मी तोंड उघडलं. मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मग ती पुढे झाली, डाव्या बाईच्या गालावरून हात फिरवला आणि आजोबांना म्हणाली, "खरं सांगता. मुंबईचंच असणार."

"तुम्ही कुठल्या?"

"सायवनच्या."

त्यांनी आम्हाला प्रसादाचं खोबरं दिलं. टेकडी उतरताना मी रागावून म्हटलं, "का नाही सांगितलं? हक्काचं होतं तुमचं."

"गप ग," ती म्हणाली. "कोणाचाच हात दिसला नाय त्याला. आणि काय पायजे?"

मग ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग उघड, मग इतकी की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, काळा चष्मा नाकावरून घसरला. "मुंबईवरनं!" ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. जीप आली, आम्ही चढलो. समोर बसलेल्या अनोळखी बाईनं विचारलं, आजीला काय झालंय. मावशीनं डोळे पुसले, तिच्याकडे वाकली आणि अगदी विश्वासात घेऊन म्हणाली, "बाय, त्या देवळाचं दार बघून ये एकदा. मुंबईवरनं आणलंय."